उस्मानिया विद्यापीठ आणि देगलूरची वाट

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लेंडी नदीच्या परिसरात, देगलूर हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वेकडे थोडे चालले की तेलंगण लागते आणि दक्षिणेकडे वळले की बीदरचा कर्नाटक. त्यामुळे देगलूरच्या पेठेत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. आणि मौज अशी की, पुष्कळदा त्या एकाच माणसाच्या तोंडून पडतात. मालाचा भाव तेलुगूत ठरवावा, कचेरीतील काम उर्दूत उरकावे आणि घरी येऊन अभंग मराठीत म्हणावा, हा येथील व्यापाऱ्याचा एके काळचा नित्याचा परिपाठ. वारकरी संप्रदायातील देगलूरकर महाराजांचे घराणे याच गावचे, हे महाराष्ट्रास सांगावयास नकोच.

अशा गावच्या मुलास कोणतीही भाषा परकी वाटू नये, असे सहज मनात येते. तथापि १९१८ ते १९४८ या तीस वर्षांत देगलूरच्या विद्यार्थ्यापुढे भाषेचाच प्रश्न सर्वांत मोठा होऊन उभा राहिला. त्याच्याच राज्यात, त्याच्या गावापासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर, साऱ्या जगाचे ज्ञान एका आवारात गोळा करण्याची एक प्रचंड खटपट त्या काळी चालू होती. ती खटपट विद्वानांच्या हातची होती, तिच्यामागे राज्याचा खजिना होता, आणि तिच्या मुळाशी असलेले तत्त्व तर इतके उत्तम होते की त्याच्याशी कोणाही शहाण्या माणसाचे दुमत होऊ नये. असे असूनही तो ज्ञानाचा ओघ देगलूरच्या वेशीपाशी येऊन थबकला. असे का व्हावे, याचा शोध घ्यावयाचा तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेपासून आरंभ केला पाहिजे.

देगलूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातील शिक्षणाच्या पायऱ्यांना तहतानिया, वस्तानिया व फोकानिया अशी नावे होती. म्हणजे प्राथमिक, माध्यमिक व हायस्कूल. खालच्या वर्गांत मराठी मुलास मराठी शिकविली जाई, पण जसजसा तो वर चढे तसतशी मराठी मागे पडून उर्दू पुढे येई. सरकारी दप्तरातील साल फसली असे आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी इराणी वळणाची असत. घरी आजोबा चैत्र-वैशाख म्हणत, पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रावर जानेवारी-फेब्रुवारी छापलेले असे आणि कचेरीतील कागदावर तिसरीच तारीख पडे. एवढ्या तीन पंचांगांचा मेळ घालीत वाढलेला मुलगा गणितात कच्चा राहणे कठीणच!

फोकानियापर्यंतचे शिक्षण नांदेडास होई. त्यापुढे पाऊल टाकावयाचे तर देगलूरहून कच्च्या रस्त्याने गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेचे एखादे स्टेशन गाठावयाचे, आणि तेथून मीटरगेजच्या गाडीने निजामाबादवरून हैदराबादला जावयाचे, ही वाट ठरलेली होती. हैदराबादेत १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज होते. पण ते मद्रास विद्यापीठाशी जोडलेले, तेथे सारे शिक्षण इंग्रजीतून चाले आणि त्याचा लाभ थोड्या मोठ्या घराण्यांपुरताच राही.

१९१७ साली सर अकबर हैदरी यांनी सरकारपुढे एक टिपण ठेवले. परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची निम्मी शक्ती शब्द पाठ करण्यात खर्च होते आणि विचार करावयास ती उरत नाही; यास्तव या देशातील एखाद्या भाषेतून सर्वोच्च शिक्षण देणारे विद्यापीठ स्थापावे, असा त्याचा आशय होता. निजाम मीर उस्मान अली खान यांनी २६ एप्रिल १९१७ रोजी त्यास मान्यता देणारे फर्मान काढले. विद्यापीठ उघडले तेव्हा पहिल्या तुकडीत २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ पासून इंग्रजीतूनच शिकवीत आली होती. देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचे धाडस उस्मानियाने केले, आणि त्याबद्दल देशातील अनेक विचारवंतांनी, रवीन्द्रनाथ ठाकुरांनीसुद्धा, त्याचे मनापासून स्वागत केले.

या धाडसामागे जपानचे उदाहरण किती मोठे होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद हे त्या वेळी संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी आपली हिंदुस्थानविषयीची सुप्रसिद्ध कादंबरी १९२४ साली ज्या स्नेह्यास अर्पण केली तेच हे मसूद. १९२२ साली ते जपानला गेले, तेथील शाळा, कॉलेजे, कारखाने यांची पाहणी केली आणि पुढल्या वर्षी जपानच्या शिक्षणपद्धतीवर त्यांचा एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. जपानने पाश्चात्त्यांचे सारे शास्त्र पन्नास वर्षांत आपलेसे केले, पण ते जपानी भाषेतून केले. परदेशी पंडित आणले, त्यांच्याकडून विद्या घेतली आणि ती आपल्या भाषेत उतरवून आपल्या मुलांस दिली. टोकियोत जे साधले ते हैदराबादेत का साधू नये, हा प्रश्न त्या वेळी उस्मानियाच्या चालकांपुढे होता. योगायोग असा की, जपानात अनेक वर्षे अध्यापन केलेले ई. ई. स्पाइट नावाचे इंग्रज गृहस्थ पुढे उस्मानियात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आले.

शिकवावयाचे ठरले, पण पुस्तके कोठे होती? त्यासाठी विद्यापीठाच्या आधीच, १९१७ साली, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतरमंदिर स्थापन झाले. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले चालक. इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा, गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, यंत्रशास्त्र, अशा सर्व शाखांतील इंग्रजी, अरबी, फारसी, फ्रेंच व जर्मन ग्रंथ निवडून त्यांची उर्दू भाषांतरे करण्याचे काम पगारी विद्वानांकडे सोपविण्यात आले. अब्दुल माजिद दर्याबादींसारखे पंडित आणि जोश मलीहाबादींसारखे कवी या कार्यालयात कामाला होते. तीस वर्षांत शेकडो ग्रंथ तेथून बाहेर पडले.

ग्रंथांपेक्षाही अवघड काम परिभाषेचे होते. एकेका शब्दावरून मंडळ्या बसत, शास्त्रज्ञ एकीकडे आणि भाषाकोविद दुसरीकडे, असा सामना रंगे. पदार्थविज्ञानास ‘तबीइयात’, रसायनास ‘कीमिया’, अर्थशास्त्रास ‘मुआशियात’, मानसशास्त्रास ‘नफ्सियात’, समाजशास्त्रास ‘उमरानियात’ असे शब्द रूढ झाले. वहीदुद्दीन सलीम या विद्वानाने परिभाषा घडविण्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उर्दू ही मूळची आर्यकुलातील भाषा आहे, तिला स्वतःचे प्रत्यय व समास आहेत, तेव्हा शब्द घडविताना केवळ अरबी व्याकरणाच्या साच्यावर विसंबू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी मानले गेले असते तर पुढची गोष्ट थोडी वेगळी झाली असती. प्रत्यक्षात शब्दांचा ओढा अरबीकडेच राहिला. लखनौच्या मुलासही ते शब्द नवेच होते. देगलूरच्या मुलास तर ते दुहेरी नवे होते. ज्या परकेपणातून विद्यार्थ्यास सोडवावयाचे म्हणून हा सारा उद्योग आरंभिला, तोच परकेपणा दुसऱ्या वेषाने त्याच्या बाकावर येऊन बसला.

याच सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून, तेथली डॉक्टरेट घेऊन स्वदेशी परतले होते. त्यांनी नागपुरास कंपनी काढून, भाग विकून, दारोदार वर्गणीदार जमवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. १९२० ते १९२७ या अवधीत त्याचे २३ खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांतील पहिल्याच खंडाचे नाव होते ‘हिंदुस्थान आणि जग’. हैदराबादेत जे काम राजाच्या खजिन्यातून चालले होते तेच नागपूर-पुण्यास एका माणसाच्या जिद्दीवर आणि मध्यमवर्गाच्या तुटपुंज्या गाठीवर चालले होते. दोन्हींमागील विचार मात्र एकच: जग आपल्या भाषेत आले पाहिजे. देगलूरचा विद्यार्थी या दोहोंच्या मधोमध उभा होता. दारुल तर्जुमाचे ग्रंथ त्याच्या राज्यातले पण त्याच्या भाषेतले नव्हते, आणि ज्ञानकोश त्याच्या भाषेतला होता पण त्याच्या राज्यातला नव्हता.

उस्मानियाच्या पद्धतीला फळ आले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रझिउद्दीन सिद्दीकी हा हैदराबादचा विद्यार्थी उस्मानियात उर्दूतून गणित शिकला. तेथून तो केम्ब्रिजला गेला आणि पुढे जर्मनीत लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळविली. परत येऊन त्याने उस्मानियातच अध्यापन केले आणि सापेक्षतावादावर उर्दूत ग्रंथ लिहिला. मुहम्मद हमीदुल्ला हे दुसरे उस्मानियाचे विद्यार्थी. त्यांनी बॉन व पॅरिस या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या संपादन केल्या. देशी भाषेतून शिकलेला मुलगा जगाच्या बाजारात मागे पडतो, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते हवे? हैदरींचे तत्त्व खरे होते. फक्त ते ज्याची मातृभाषा उर्दू त्याच्या बाबतीत सर्वांत अधिक खरे होते.

आणि अशांची संख्या संस्थानात किती होती? सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चतुर्थांश मराठी, त्याहून कमी कानडी; उर्दू ही ज्यांची घरची बोली असे लोक साधारण दशांश. विद्यापीठात मराठी, तेलुगू व कानडी हे विषय म्हणून शिकता येत, पण त्या भाषांतून दुसरा कोणताही विषय शिकता येत नसे. चालकांचे उत्तर असे की, उर्दू ही साऱ्या संस्थानास समजणारी भाषा आहे, आणि एका राज्यात चार विद्यापीठे कशी काढावीत? व्यवहाराच्या दृष्टीने हे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु जपानचा दाखला देणाऱ्यांच्या तोंडी ते शोभत नव्हते. जपानात विद्यापीठाची भाषा शेतकऱ्याच्या घरात बोलली जात होती. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा मराठवाड्यातील सुशिक्षितांच्या मनात जी रुखरुख होती तिला पहिल्यानेच एक व्यासपीठ मिळाले.

इकडे विद्यापीठाच्या आवाराचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले होते. जागा निवडण्यासाठी स्कॉटलंडचे नगररचनाशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडीस यांस पाचारण करण्यात आले. हे त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३ साली त्यांनी आपला अहवाल दिला. शहराच्या पूर्वेस अडिकमेटचा विस्तीर्ण माळ मुक्रर झाला. मग १९३० च्या सुमारास झैन यार जंग व सय्यद अली रझा या दोघा स्थापत्यविशारदांस, जगातील नामांकित विद्यापीठे पाहून या, म्हणून प्रवासास धाडण्यात आले. युरोप, अमेरिका, तुर्कस्तान, मिसर, जपान असा त्यांचा दौरा झाला. मिसरमध्ये काम केलेले बेल्जियमचे स्थापत्यकार जास्पर यांची गाठ याच प्रवासाचे फळ. इमारतींचे आराखडे जास्पर यांनी केले आणि ५ जुलै १९३४ रोजी निजामांच्या हस्ते कोनशिला बसली.

त्या आवारातील कला महाविद्यालयाची इमारत आजही पाहणाऱ्यास थक्क करते. गुलाबी छटेचा ग्रॅनाइट, मध्यभागी उंच कमान, अरबी वळणाचे नक्षीकाम, आणि त्यांच्या जोडीला अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील खांबांची आठवण देणारे खांब. अजिंठा आणि वेरूळ ही त्या वेळी संस्थानची, म्हणजे मराठवाड्याची लेणी. जगभर हिंडून आलेल्या स्थापत्यकारांनी साऱ्या जगातले उत्तम ते घेतले आणि त्यात मराठवाड्याच्या दगडालाही मानाची जागा दिली. त्यांच्या रसिकतेला दाद दिलीच पाहिजे. मराठवाड्याचा खांब इमारतीत आला. मराठवाड्याची भाषा मात्र त्या खांबांच्या आत, एका विषयाच्या तासापुरतीच आली.

ही इमारत बांधून होत असतानाच १९३८ चे साल उजाडले. संस्थानातील वातावरण तापले होते. स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रहास प्रारंभ झाला. नोव्हेंबर महिन्यात वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत असा प्रकार घडला. हे गीत प्रार्थना नव्हे, ते राजकीय आहे, म्हणून ते म्हणता येणार नाही, असा अधिकाऱ्यांनी हुकूम काढला. आमची प्रार्थना कोणती हे आम्ही ठरवू, असे विद्यार्थ्यांनी उत्तर दिले. आज दोन्ही बाजूंचा विचार शांतपणे करता येतो. त्या गीतावरून देशात अन्यत्रही वाद होते आणि त्यातील काही कडवी मुसलमान बांधवांस मान्य नव्हती, हे काँग्रेसनेही १९३७ साली मान्य केले होते. पण हैदराबादच्या वसतिगृहांतील मुलांचे दुःख एका गीतापुरते नव्हते. वीस वर्षे साठत आलेल्या परकेपणाला त्या गीताच्या रूपाने तोंड फुटले.

विद्यार्थ्यांनी संप केला. वसतिगृहांतून त्यांस बाहेर काढण्यात आले, आणि पुढे शेकडो विद्यार्थ्यांची नावे कॉलेजांच्या पटांवरून कमी झाली. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, कानडी होते. थंडीचे दिवस, हातात वळकटी आणि ट्रंक, खिशात हाली शिक्क्याचे चार रुपये, जे ब्रिटिश मुलखात बदलून घेतल्याशिवाय चालत नसत. वाटेला लागलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी तर अद्याप पत्रही पोचलेले नव्हते. शेतसाऱ्यातून वाचवून मुलाला शहरात धाडलेल्या बापास त्या पत्राचा अर्थ कसा लागला असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. माफी मागून परत जाण्याचा मार्ग खुला होता. काहींनी तो पत्करला. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण रास्त नाही. घरच्या गरिबीला स्वाभिमानाची चैन नेहमीच परवडते असे नाही.

ज्यांनी माफी मागितली नाही त्यांना प्रवेश कोण देणार? एका विद्यापीठाने काढलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्याने सहसा घेऊ नये, असा विद्यापीठांचा आपसांतील संकेत असतो. हा संकेत बाजूस सारून नागपूर विद्यापीठाने या मुलांना आपले दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांचे नाव त्या संदर्भात मराठवाड्यात आणि तेलंगणात कृतज्ञतेने घेतले जाते. काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ पासून पुरा झालेला होता. त्याच वाटेने ही मुले उत्तरेस गेली. नागपुरात त्यांना पुन्हा भाषा बदलावी लागली. ‘तबीइयात’ आणि ‘मुआशियात’ उर्दूत शिकलेल्यांनी तेच विषय आता इंग्रजीतून शिकावयास घेतले. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, विद्यापीठात तिसरी!

या मुलांत वरंगळच्या कॉलेजातून निघालेला एक तेलुगू विद्यार्थी होता. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे त्याचे नाव. तो पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि कायद्याची पदवी त्याने नागपूर विद्यापीठाची घेतली. या प्रवासात तो मराठी इतकी उत्तम शिकला की, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. उर्दू व फारसी त्याला हैदराबादने दिली होती, मराठी नागपूर-पुण्याने दिली, आणि स्पॅनिश त्याने पुढे स्वतः होऊन घेतली. १९९१ साली भारताचा पंतप्रधान होण्यापूर्वी नागपूरजवळच्या रामटेकने त्याला लोकसभेवर निवडून दिले होते. संस्थानच्या विद्यापीठाने जो विद्यार्थी गमावला तो असा होता.

४ डिसेंबर १९३९ रोजी अडिकमेटच्या माळावर कला महाविद्यालयाच्या त्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. जगभर हिंडून, तऱ्हेतऱ्हेच्या स्थापत्यकलांचा मिलाफ करून उभारलेल्या वास्तूचा तो सोहळा! विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून काढले त्याला बरोबर एक वर्ष झाले होते. नागपूरच्या खोल्यांत राहून इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या कित्येकांनी त्याच इमारतीचा पाया भरताना पाहिला होता, भिंती चढताना पाहिल्या होत्या. त्यांनी ती पुरी झालेली मात्र पाहिली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामाची राजवट संपली. त्यानंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले, त्याच्या जागी इंग्रजी आली; दारुल तर्जुमाचे कामही थांबले. मराठवाड्याच्या सुशिक्षितांनी या बदलाचे त्या वेळी स्वागतच केले, आणि ते साहजिकही होते. परंतु आता इतक्या वर्षांनी मागे वळून पाहता मनाला एक चुटपुट लागते. देशी भाषेतून पदवीचे शिक्षण देता येते, हे सिद्ध करणारा प्रयोग बंद पडला आणि त्याच्या जागी मराठी आली नाही, तेलुगू आली नाही; हैदरींच्या टिपणाच्या आधी जी भाषा होती तीच परत आली. शब्द घडविण्याची जी कला तीस वर्षांत कमावली होती ती मराठीस उसनी घेता आली असती. तशी ती कोणी घेतली नाही.

मराठवाड्यात मात्र कॉलेजे निघू लागली. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. बाबासाहेब स्वतः १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले तेव्हा काही काळ तेथील कॉस्मोपॉलिटन क्लबात, नाना देशांच्या विद्यार्थ्यांच्या संगतीत राहिले होते. जातीची ओळख न विचारता एका टेबलाशी बसून जेवणाऱ्या तरुणांचे जग त्यांनी तेथे पाहिले. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना शाळेच्या ओटीवरही बसू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी औरंगाबादची जागा निवडली. देगलूरच्या विद्यार्थ्याची कथा सांगताना याचा विसर पडता कामा नये. उस्मानियात भाषेमुळे अडलेला मुलगा निदान उस्मानियापर्यंत पोचला तरी होता. त्याच गावच्या दुसऱ्या वस्तीतील मुलाला तहतानियाचा उंबरठाही लाभत नसे.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि देगलूर तालुक्याचेच दोन भाग झाले. बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रप्रदेशात, निजामाबाद जिल्ह्यात गेली. उरलेले देगलूर मराठी मुलखात आले. बिचकुंद्याच्या मुलाची हैदराबादची वाट तशीच राहिली. देगलूरच्या मुलाची वाट फिरली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पण देगलूरहून औरंगाबाद हैदराबादपेक्षा कितीतरी लांब. भाषेच्या दृष्टीने विद्यापीठ घराजवळ आले आणि मैलांच्या दृष्टीने ते आणखी दूर गेले. हे अंतर १७ सप्टेंबर १९९४ रोजी तुटले. नांदेडजवळ विष्णुपुरीस स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि देगलूरचे कॉलेज त्यास जोडले गेले. वाट आता ऐंशी किलोमीटरांवर आली.

विष्णुपुरीच्या आवारात येमेन देशातून संशोधनासाठी आलेले विद्यार्थी दिसू लागले, तेव्हा नांदेडकरांस त्यांचे नवल वाटले. वास्तविक नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्या देशातील हद्रमौत प्रांताचे अरब एकोणिसाव्या शतकात निजामाच्या फौजेत चाकरीस होते. मराठवाड्याच्या गढ्यांवर, ठाण्यांवर त्यांचे पहारे असत. ते सावकारीही करीत आणि थकलेल्या कर्जासाठी सबंध तालुके गहाण ठेवून घेत, इतके की पहिल्या सालारजंगास त्यांचा बंदोबस्त करण्यात बरीच वर्षे खर्चावी लागली. त्यांचे वंशज येथेच स्थायिक झाले. मराठवाड्यात त्यांना ‘चाऊस’ म्हणतात आणि ते अस्सल मराठवाडी बोली बोलतात. तलवार घेऊन आलेल्यांच्या देशातून आता वही घेऊन विद्यार्थी आले. हे येमेनी विद्यार्थी आपले प्रबंध इंग्रजीत लिहितात. ‘तबीइयात’ आणि ‘कीमिया’ हे शब्द ज्या अरबीतून हैदराबादेत आणले गेले ती त्यांची मायबोली. आणि देगलूरच्या ज्या घरांतून कधी काळी एखादा मुलगा उस्मानियात गेला, त्या घरांतल्या आजोबांच्या जुन्या वह्यांत तेच शब्द उर्दू लिपीत लिहिलेले सापडतात. नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही.